शांताची हाक

अंगणात मोहफुलं वाळत होती. नात इंग्रजी पाठ करत म्हणाली, "आजी, पॉज झालं तं पुन्हा सुरू होते, स्टॉप झालं तं नाई."

फुलांच्या वासाने मला ती सकाळ आठवली. वाकून मोह वेचताना मागून आलेला वाघ दिसत नाही, म्हणून मी आणि माझी जाऊ शांता आपापल्या झाडाखालून एकमेकींना हाका देत होतो.

"शांते, झोपली का व?"

"नाई, तुह्या वाट्याचं वेचून राह्यली."

मी हसले. तेवढ्यात पाखरं, किडे, सगळं गप्प झालं.

"शांते?"

थोड्या वेळाने पाखरं पुन्हा बोलू लागली, मग किडेही. शांता बोलली नाही. तिच्या झाडाखाली टोपलीत फुलं पडत होती, टप, टप.