शाल नवऱ्याला

तिचं नाव मी लिहीत नाही. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनीही तिच्या सत्काराच्या दिवशी ते घेतलं नव्हतं.

समोरच्या विंगेतली ती. रोज सकाळी पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक पाठीवर घेऊन पांडवलेणी चढायची, वर झाडांना पाणी घालायची आणि हलक्या पाठीने उतरायची. मी तोवर निम्म्या पायऱ्यांवर, निसर्ग बघण्याच्या नावाखाली धापा टाकत असायचो. मग लेकीचा डबा, स्कूल व्हॅन, बँकेतली नोकरी. यंदा हिमालयातलं एक शिखर चढून आली, तेव्हा नाकाचं कातडं पार सोललं होतं.

गणपतीत सत्कार ठेवला. तबक धरायला मी. बायकांनी तिची ओटी भरली आणि अध्यक्षांनी शाल घातली ती तिच्या नवऱ्याला! म्हणाले, "यांनी परवानगी दिली म्हणून वहिनी एवढ्या उंच गेल्या. आता मात्र लेकीसाठी घरीच थांबतील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे गृहस्थ स्वतःचा मुलगा तान्हा असताना नोकरीसाठी दुबईत होते. तेव्हा यांना कोणी अडवलं होतं? पण हातात तबक असलं की मी फार गरीब असतो.

तिनेच माईक घेतला. "काका, परवानगी मी बँकेतल्या साहेबांकडे मागितली होती, रजेची. घरी नुसतं सांगितलं. पुढच्या मेमध्ये पुन्हा जातेय."

"अहो, पण लेकीचं काय?"

"तिला बाबा आहेत की!"

नवऱ्याने शाल काढून माझ्या तबकात ठेवली आणि पेंगणाऱ्या लेकीला खांद्यावर घेतलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हा पुरुषांना मात्र एकदम आरतीची घाई झाली.