दुपारी कादंबरी वाचणारी बाई

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. तेव्हाही जायची, आजही जाते. रहस्यकथा मात्र चवीने वाचते, कारण तिथे शेवटी सगळा उलगडा होतो. माझ्या बाबतीत जे घडलं त्याचा उलगडा झाला नाही. तरी लिहिते आहे, कारण एका बाईंचे आभार मानायचे राहिलेत आणि त्यांचं नाव मला माहीत नाही.

साठच्या दशकाची शेवटची वर्षं. माझं माहेर जळगावचं. लग्नाआधी वाचनालयातून आठवड्याला दोन कादंबऱ्या आणायची. प्रेमकथा, ऐतिहासिक, रहस्य... काहीही चालायचं. सासर यावल तालुक्यातलं, केळीचं आणि थोडं कपाशीचं. तिथे वाचन सुटलं. सासूबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. त्यांना अक्षरओळख नव्हती. बाई भरदिवसा पुस्तक घेऊन बसते म्हणजे तिला काम कमी आहे, असं त्यांचं साधं मत.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी कापूस वेचताना खाली वाकले आणि पऱ्हाटीचं वाळकं टोक उजव्या डोळ्यात गेलं. जळगावच्या डॉक्टरांनी तपासून धुळ्याला पाठवलं. तिथे ऑपरेशन झालं, डोळ्याला टाके पडले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डॉक्टर म्हणाले, "दहा दिवस मान हलवायची नाही. टाका सुटला तर डोळा वाचवणं माझ्या हातात नाही."

पहिले दोन दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. डोळ्याला खाज, समोर काळोख, आणि रडायलाही बंदी. दुसऱ्या दिवशी तर मी मान उचललीच होती, नर्सने वेळेवर धरलं. अक्का उजवीकडे स्टुलावर बसून माझा हात धरून ठेवायच्या. "पडी राह्य व माय," एवढंच म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकली, वॉर्ड शांत झाला. डावीकडून, अगदी उशाशी, एका बाईंचा आवाज आला — "वाचू का?"

कुणा पेशंटच्या नातेवाईक असतील, असं वाटलं. मी म्हटलं, "वाचा."

छोटीशी ऐतिहासिक कादंबरी होती. गडाला वेढा पडलाय, गडकरी मारला गेलाय. शिपायांनी धीर सोडू नये म्हणून त्याची बायको रोज संध्याकाळी त्याचा अंगरखा आणि पागोटं घालून तटावरून फिरते. खाली वेढा घालणाऱ्यांत एक सरदार आहे. लग्नाआधी त्याचा तिच्यावर जीव होता. तो लांबून ती चाल बघतो... आणि त्याला शंका येते.

बाईंचा आवाज पन्नाशीतला, किंचित घोगरा. पान उलटताना बोट ओलं करायच्या, तेही ऐकू यायचं. प्रकरण संपलं की पुस्तक मिटून म्हणायच्या, "आता उद्या." मी एकदा नाव विचारलं. "आधी हे तर ऐका," म्हणाल्या.

सकाळपासून मी दुपारची वाट बघायला लागले. त्या सरदाराने तिला ओळखलं असेल का, या विचारात खाज विसरायची. मान तसूभर हलली नाही.

दहाव्या दिवशी तो सरदार दूत बनून एकटाच दरवाज्याशी आला. बाहेरून त्याने तिला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारली. तिने अडसराला हात घातला आणि — बाई थांबल्या. अर्ध्या वाक्यात.

"इथपर्यंतच आहे," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आधी नुसता उजेड, मग धूसर असा अक्कांचा चेहरा. डॉक्टर खूश होते. "इतक्या शांत राहिलात म्हणून डोळा वाचला," म्हणाले.

मी अक्कांना विचारलं, "दुपारी वाचायला यायच्या त्या बाई कुठे आहेत?"

"कोन बाई? कोनी नाही आलं. मी तं इथीच बसेल होती," अक्का म्हणाल्या. "तू दुपारी हासत जाय. एकदा 'वाचा' म्हने. मले वाटलं, झोपेत बोलते."

मी डावीकडे पाहिलं. पलंग भिंतीला टेकवलेला होता. त्या बाजूला माणूस उभा राहील एवढी जागाच नव्हती.

औषधांच्या गुंगीत मीच गोष्ट रचली, अशी मनाची समजूत घातली. चार महिन्यांनी माहेरी गेले तेव्हा सहज म्हणून वाचनालयातल्या नानांना ती कथा सांगितली. ते चष्मा वर करून माझ्याकडे बघत राहिले. "आहे असं पुस्तक. पण तू कधी वाचलंस? दोन वर्षं झाली, बांधणीसाठी कपाटात पडून आहे."

मी ते याआधी कधी हातातही घेतलं नव्हतं. नानांनी काढून दिलं. वाक्य न् वाक्य तेच. शेवटची पानं फाटून गेली होती. उरलेल्या शेवटच्या पानाची शेवटची ओळ — 'तिने अडसराला हात घातला आणि'.

खरं सांगते, भीती वाटली नाही. एकच मनात आलं... म्हणजे पुढचं त्यांनाही माहीत नव्हतं.

पूर्ण प्रत मिळायला वर्ष गेलं. भुसावळला रेल्वेतल्या एका निवृत्त गार्डच्या घरी मिळाली. मी शेवट उघडूनही पाहिला नाही. डोळा दाखवायला धुळ्याला जायचं होतं, तेव्हा पुस्तक पिशवीत घातलं आणि अक्कांना सगळं सांगितलं. त्या माझ्याबरोबर आल्या.

दुपारची वेळ होती. माझा तो पलंग रिकामाच होता. नर्सला विचारून मी काठावर बसले आणि त्या अर्ध्या ओळीपासून वाचायला लागले. बाकीच्या पेशंट बघायला लागल्या तशी मला लाज वाटली, आवाज आपोआप खाली गेला.

त्या कोण होत्या, माझ्याकडेच का आल्या, मला आजही सांगता येत नाही. डोळा शाबूत आहे, रोज वाचते आहे, एवढंच खरं.

त्या दुपारी अक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. तिले ऐकू गेलं पाह्यजे."