गोठलेल्या कॉम्प्युटरपुढचे काका

माझी नोकरी वाचवली ती शहापूरच्या काकांनी. अडून बसलेल्या कॉम्प्युटरपुढे त्याच्याहूनही हट्टाने बसून राहील, असा माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल. उमेदीत ते हातमागावर बसले. माग बंद पडले तेव्हा पन्नाशीत कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकले. अजूनही त्याच्यापुढे चप्पल काढूनच बसतात. समोरचा माणूस घाबरलेला दिसला की त्याच्या हातातला माऊस काढून घेतात आणि सुताचा गुंता देतात. "तू हे सोडव, मी ते सोडवतो." एका तापट व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर केव्हाच सुरू झाला, तरी तो उठेना. "थांबा ना काका, टोक सापडून राहिलं!"

मी कोकणातून आलेला, नववीत शाळा सोडलेला. साड्यांच्या काठांची सगळी नक्षी आमच्या कारखान्यातल्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते चालवणं एवढंच मला येत होतं. एका सकाळी पडद्यावर नव्या सिस्टीमची सूचना आली. मी विचार न करता 'हो' दाबलं. त्यानंतर ते सॉफ्टवेअर उघडलं की गोठायचं. दुपारी मालक नक्षी न्यायला येणार होते. पाच वेळा बंद-चालू केलं, मग काकांना फोन केला.

"काहून घाबरून राहिला बे?" म्हणत त्यांनी मलाही गुंता दिला. तो माझ्या हातात आणखीच गुंतला. ते मात्र गोठलेल्या पडद्यापुढे मनगटावरचं घड्याळ बघत बसले.

"काका, मेलं का ते?"

"मेलेलं कायले हालते? चार मिनटं झाले का जरासं हालते, मंग पुन्हा अडते. तू मिनटाभरातच बंद करत होता. थे कोनाची तरी वाट पाहून राहिलं."

वाट होती जुन्या प्रिंटरची. नव्या सिस्टीमने त्याची नोंदच पुसली होती, आणि सॉफ्टवेअर उघडताच आधी त्यालाच शोधायचं. काकांनी तो पुन्हा जोडला. नक्षी झटक्यात उघडली.

तेवढ्यात मालक आले. मला राहवलं नाही, सकाळी सगळं अडलं होतं आणि 'हो' मीच दाबलं होतं, हे सांगून टाकलं. मालकांचा चेहरा बदलला.

"दाबलं यानं, अन् सांगतलं बी यानंच," काका म्हणाले. "असा पोट्टा कुठी भेटते, शेठ?"

मी राहिलो.

जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे समुद्र आहे म्हन्ते. तलावाएवढा रायते का?" त्यांनी तो कधी पाहिलेला नाही. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे, आणि मला लांब सुट्टी मिळत नाही. पण ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी काकांना घेऊनच मी घरी जाणार आहे.