उदाहरण मोडणारे पाळकसाहेब

पाळकसाहेबांशी माझी पहिली भेट झाली ती मी त्यांच्याशी भांडायला गेले तेव्हा. गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही असे संपादकांना वाटेल, पण रेव्हरंड शमुवेल डवले यांना ती चालेल, आणि पंचाहत्तरी त्यांची आहे, संपादकांची नाही. आजही मी थोडी रागातच लिहिते आहे. आपल्या मंडळीच्या पंचकमिटीने ठरवले आहे की सत्कार झाला की साहेबांचा रविवारचा वर्ग बंद करायचा आणि मुलांना पडद्यावर चित्रफिती दाखवायच्या. शाल पांघरून माणसाला घरी बसवण्याचा हा प्रकार मला पसंत नाही. तो वर्ग काय आहे हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी हा लेख.

लग्नानंतर मी यवतमाळला आले आणि इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागले. माझे स्वतःचे शिक्षण कॉन्व्हेंटमधले. त्रैक्य म्हणजे काय, तर 'एक देव, तीन व्यक्ती', हे उत्तर सिस्टरांनी आमच्याकडून इतके घोकून घेतले होते की झोपेतून उठवले तरी मी ते बिनचूक म्हटले असते. सोबत उदाहरणही मिळाले होते: पाणी, बर्फ आणि वाफ. माझी मुलगी रूथ पाळकसाहेबांच्या वर्गाला जाऊ लागली. त्यांनी मुलांना त्रैक्याचे एकेक उदाहरण घरून आणायला सांगितले, तेव्हा मी तिला हेच देऊन पाठवले. परत आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली, "आई, तुझं पाणी मोडलं."

कोणी मोडले, असे मी विचारले.

"सगळ्यांनी मिळून," ती खुशीत म्हणाली.

पुढच्या रविवारी मी वर्गाच्या दारात उभी. टेबलावर पऱ्हाटीचे एक फुटलेले बोंड ठेवलेले. ज्याने ते आणले होते तो मुलगा सांगत होता की टरफल, कापूस आणि सरकी मिळून जसे एक बोंड, तसे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव.

"इथपर्यंत ठीक," पाळकसाहेब म्हणाले. "आता हे मोडते कुठं, तेही तूच सांग."

मुलाने बोंड हातात फिरवले. "यातली सरकी म्हणजे काही पुरं बोंड नाही, साहेब. तुकडा आहे. पण पुत्र देवाचा तुकडा नाही. तो पुरा देव आहे."

"मग?"

"मोडलं," मुलगा म्हणाला, आणि वर्ग हसला.

मला राहवले नाही. आत जाऊन मी विचारले, "पाळकसाहेब, तुम्ही लेकरांना देव मोडायला शिकवता का?"

"देव नाही, बाई. बोंड मोडून राह्यलो," ते म्हणाले. "बसा. रूथ, आईला सांग पाणी कसं मोडलं ते."

रूथ उभी राहिली. येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो स्वतः नदीत होता, वरून पित्याची वाणी आली आणि आत्मा कबुतरासारखा उतरला. तिघेही एकाच वेळी. "तुझ्या पाण्याला बर्फ व्हायचं असेल तर पाणी राहता येत नाही, आई."

मी घरी आले. बरेच दिवस उत्तर शोधले. मग मीही दर रविवारी त्या वर्गात मागच्या बाकावर बसू लागले.

साहेब मूळचे फुलसावंगीचे, शेतकरी घरातले. त्यांच्या वर्गात चुलीचे तीन दगड आले, तीन पात्यांचा पंखा आला, एकदा तर बेलाचे पान आले आणि त्यावरून दोन पंच रुसले. साहेबांनी पानही तितक्याच आदराने टेबलावर ठेवले आणि तितक्याच आदराने मोडू दिले. त्यांचा एक नियम मला फार आवडतो. ज्याने उदाहरण आणले, मोडायची पहिली संधी त्यालाच. त्यामुळे कोणाचे लेकरू कधी रडत घरी गेले नाही. शेवटी ते शुभवर्तमान उघडत आणि म्हणत, "उदाहरणं आपण केली. देव आपण केला नाही. त्यानं स्वतःला कळवलं म्हणून तो कळला. आपलं जिथं मोडते, तिथून पुढं त्याचं ऐकायचं." ईश्वरी प्रकटीकरणावर मी जाडजाड पुस्तके वाचली आहेत. त्यांत याहून जास्त पाने होती, एवढेच.

माझे यजमान गेले तेव्हा घर माणसांनी भरले होते. जो येईल तो सांगे की माळी चांगले फूल आधी खुडतो. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी स्वयंपाकघरात निघून गेले. पाळकसाहेब मागोमाग आले आणि हळूच म्हणाले, "हेही मोडते, बाई. देव काही फुलं खुडत फिरत नाही."

"मग त्यांना काहून नेलं?" मी विचारले. एरवी मी शुद्ध बोलते.

"ते त्यानं मले कळवलं नाही. जेवढं कळवलं तेवढंच मी सांगू शकतो. तो तुमच्यासंगं आहे, एवढं कळवलं आहे." मग त्यांनी बाहेर जाऊन रूथसमोर कॅरम मांडला आणि संध्याकाळपर्यंत तिच्याशी हरत राहिले. त्या दिवशी माझ्याशी खोटे न बोललेला तो एकच माणूस.

आता वर्गाविषयी. पंचकमिटीचे सचिव वसंतराव मला म्हणाले, "बाई, पडद्यावर पाणी, बर्फ, वाफ दाखवली की पोरांना दोन मिनिटांत समजते." मी म्हटले, "दोन मिनिटांत समजला तो देव नसेल, वसंतराव, जाहिरात असेल." आणि तडक साहेबांकडे गेले. म्हटले, तुम्ही नाही म्हणा, मी पंचांना बघून घेते.

साहेब शांतपणे शेंगा सोलत होते. "माझे गुडघे गेले, बाई, आवाजही गेला. पंचांचं अर्धं खरं आहे. मीही एक उदाहरणच होतो. कुठंतरी मोडणारच."

"आणि वर्ग?"

"वर्ग तुम्ही घ्या. मोडण्यात तुमचा हात धरणारं या मंडळीत दुसरं कोण आहे?"

तेव्हा पंचकमिटीने नोंद घ्यावी: वर्ग बंद होणार नाही. पडदा हवा तर समोरच्या भिंतीवर लावा, त्यावरचे पाणी मुलेच मोडतील. मागच्या बाकावर आता साहेब बसणार आहेत, उशी घेऊन.

देवाने त्यांना उदंड आयुष्य द्यावे, गुडघ्यांना बळ द्यावे आणि कान तर मुळीच अधू होऊ देऊ नयेत. यात माझा स्वार्थ आहे. एखाद्या रविवारी एखादे लेकरू असे काही घेऊन येईल की ते मला मोडता येणार नाही. तेव्हा मागे वळून विचारायला साहेब तिथे असले पाहिजेत.