रस्त्याकडचं दार

आमच्या गास गावातल्या घरात पाहुणा आला की चहाआधी त्याच्या हातात पत्रक पडायचं. वडील जमिनी वाचवायला गावोगाव फिरायचे आणि मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच्या जाड मथळ्यांवरून. जाब विचारा. गप्प बसू नका. पुढे मी दिवाणी न्यायालयात कनिष्ठ लिपिक झाले आणि गप्प बसण्याचा पगार घेऊ लागले.

लोकांना वाटतं कोर्ट म्हणजे न्यायाधीश. निम्मं कोर्ट आमच्या खोलीत चालतं. दावा आला की शुल्क तपासायचं, नंबर टाकायचा, तारीख लावायची, समन्स तयार करून बजावणीचं काम बघणाऱ्या नाझरसाहेबांकडे द्यायचं. ते बेलिफाला देतात आणि बेलिफ घरी नेऊन बजावतो. घर बंद असलं तर दारावर डकवतो आणि तसा अहवाल देतो. एवढं होऊनही माणूस आला नाही, तर दावा एकतर्फी चालतो. मला मनाई एकाच गोष्टीची: पक्षकाराला सल्ला देण्याची. तशी पाटीच माझ्या खिडकीवर आहे.

एका दुपारी बंदरावरची एक म्हातारी मासळीवाली त्या खिडकीशी आली.

"बाय, माज्या घराचा निकाल लागनार असा पुतन्या बोलतो. मना तर कोनी बोलावलाच नाय."

मी फाइल काढली. बोळिंजच्या सोसायटीत राहणाऱ्या पुतण्यानं तिच्या घराचा ताबा मागितला होता. बेलिफाचा अहवाल जोडलेला होता: घर बंद, दर्शनी दारावर समन्स डकवलं. दावा एकतर्फी झाला होता. दुसऱ्या दिवशी पुतण्याचा पुरावा, मग निकाल. तिचं कुणीच ऐकणार नव्हतं.

"दारावर लावलं होतं, आजी."

"कंच्या दारावर?"

"रस्त्याकडच्या."

ती हसायलाच लागली. "त्या दारापुढं जाली रचलीत गो! म्हातारा गेला तवापासून उघडला नाय. आमी सगली दर्याकडनं येतो-जातो. आनि सकालचा मी बाजारात. दुपारचा आला असता तर तुज्या बेलिफाला बोंबील भाजून घातला असता."

"आजी, वरच्या मजल्यावर मोफत वकील मिळतो," शेजारच्या टेबलावरून नाझरसाहेब म्हणाले.

"जाऊन आले. कुलूप हाय."

तिनं काय करायला हवं ते मला पाठ होतं. उद्या कोर्टात उभी राहा. समन्स मिळालं नाही म्हणून सांग. एकतर्फी हुकूम रद्द करा म्हण. वडिलांनी हे मोठ्या टायपात छापून गावभर वाटलं असतं. मी तोंड उघडलं, तर नाझरसाहेबांनी पेनानं वरच्या पाटीकडे खूण केली.

"मॅडम, प्रोबेशन संपलं का तुमचं?"

"नाही, साहेब."

"मग तारीख सांगा आणि पुढचा घ्या."

मी तारीख सांगितली. "उद्या अकरा वाजता, पहिला मजला, उजवीकडची खोली. दार उघडं असतं. कुणीही येऊ शकतं." ही माहिती होती, सल्ला नव्हता.

"अकराला माजी मासलीची पाटी बाजारात असते," ती म्हणाली.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग "बरा" म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली. पुकारा झाला तशी सरळ पुढे जाऊन उभी राहिली. न्यायाधीशांनी मला बेलिफाचा अहवाल वाचायला सांगितला. मी वाचला, 'दर्शनी दार' या शब्दांसकट. जाळ्यांचं कागदावर काही नव्हतं आणि कागदाबाहेरचं बोलणं माझं काम नव्हतं. म्हातारीच बोलली.

"साहेब, त्या दाराला कोन जातो? येऊन बघा! घर माजा आनि मनाच ठाव नाय?"

पुतण्याचे वकील उठले. न्यायाधीशांनी त्यांना बसवलं आणि मागे बसलेल्या मोफत मदतीच्या तरुण वकिलाला म्हातारीचा अर्ज लिहून द्यायला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीआधी एकतर्फी हुकूम रद्द झाला.

बाहेर आल्यावर तिनं मला गाठलं. "मंजे घर राहिला ना?"

घर अजून राहिलं नव्हतं. आता कुठे भांडायला मिळणार होतं. घरपट्टीच्या पावत्या शोध, म्हाताऱ्याचे कागद काढ, शेजाऱ्यांना साक्षीला तयार कर, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. नाझरसाहेब दारात उभे होते.

"पुढचं वकील सांगतील, आजी."

"तू काय बोलतच नाय गो. तोंडात मुडदुशी मासली धरलीस काय?" असं म्हणून ती हसत जिना उतरली.

मी जागेवर आले. नव्या समन्सांत एक तिच्याच आळीतलं होतं. नाझरसाहेबांना विचारलं, "बेलिफाला संध्याकाळी पाठवता येईल? आणि दर्याकडच्या दाराला?"

"पत्ता दाव्यात आहे तोच. वेळ कचेरीची. नियम बदलायचे असतील तर निवडणुकीला उभ्या राहा."

मी समन्सवर सही केली आणि त्यांच्या ट्रेमध्ये ठेवलं. खिडकीशी पुढचा माणूस उभा होता.