दुखण्यानं दिलेल्या सकाळी

नवराबायकोनं दिवसाउजेडी एकत्र फिरायला जावं, ही गोष्ट आमच्या रहाटणीत तेव्हा कुणी ऐकलीही नव्हती. जत्रेला निघालं तरी नवरा पुढे, बायको गाठोडं सांभाळत मागे, आणि मधे घरातली सगळी माणसं. लग्नाला तीन वर्षं होऊनही मी ह्यांच्याशी सलग चार वाक्यं बोलले असेन तर शपथ. दिवसभर ते कामावर, मी चुलीपुढे नाहीतर शेतात, आणि रात्री कुडापलीकडे सासूबाईंचा कान जागा. मग ह्यांना क्षय झाला, आणि आम्हाला रोज सकाळी एकत्र फिरायची मुभा मिळाली. लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं.

पिंपरीला औषधाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. गावातल्या ज्या पोरांना तिथे काम लागलं, त्यांत हे होते. सातवीची फायनल पास, हातात सायकल, अंगात कंपनीचा पांढरा डगला. सासूबाई तो डगला वाळत घालायच्या तोसुद्धा रस्त्याकडेच्या दोरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. पण त्या कारखान्यात होणारं औषध ह्यांच्या दुखण्याला लागू नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सासूबाईंना ते काही केल्या पटेना.

"आरं, गाड्या भरभरून औषध करताय तुमी. त्यातलं वाईच तुला का देत न्हाईत?"

"आये, त्ये येगळं औषध हाय. माझ्या छातीला त्ये चालत न्हाई."

"औषध म्हंजे औषध," त्या म्हणायच्या आणि कारखान्याच्या दिशेनं बोटं मोडायच्या. बिचाऱ्या कारखान्याचा काय दोष? पण आईला कुणावर तरी रागावायला लागतंच.

पुण्याच्या डॉक्टरांनी वेगळी इंजेक्शनं लिहून दिली, दूध-अंडी सांगितली, आणि उन्हं वर आली की मोकळ्या हवेत सावकाश फिरवत जा म्हणाले. "एवढी थंडी नीट निघाली की धोका टळला समजा." तेव्हापासून घरातले सगळे थंडी सरायची वाट बघायला लागले, आणि ती तर जेमतेम सुरू झाली होती.

फिरायला न्यायचं कुणी, हा प्रश्न होता. सासरे मागेच गेले होते. दीर उजाडायला मोटेवर. शेवटी सासूबाईच भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तूच जा. वाटंत उबळ आली तर धराया कोन तरी पायजे." त्यांच्या तोंडून हे निघायला किती जड गेलं असेल, हे मला तेव्हा कळलं नाही. मी आपली आतल्या आत हरखले होते.

ह्यांची ताटवाटी वेगळी, अंथरूण ओसरीवर, आणि थुंकायची झाकणाची डबी कायम खिशात. फिरायला निघायचो तेही तसंच अंतर राखून. हे पुढे, कानटोपी आणि घोंगडीत, हातात काठी. मी डोक्यावर पदर घेऊन मागे. तरी गावाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. "मडमेवानी नवऱ्यासंगं हवा खायाला चालली," असं एक बाई पाणवठ्यावर मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. मी म्हटलं, तुमच्याही मालकांना डॉक्टरकडे दाखवून आणा, तुम्हालाही मिळेल हवा. असं बोलायला नको होतं, पण त्यानंतर तिनं तोंड मिटलं.

जाऊन जाऊन जायचं कुठे, तर नदीवरच्या बंधाऱ्यावर. पवनेचं पाणी तिथे अडून मागे पार आमराईपर्यंत पसरलेलं असे. सकाळी त्याच्यावर वाफ तरंगायची. आम्ही एकेका धोंड्यावर बसायचो, आणि पहिले दोनतीन दिवस नुसते बसलोच. काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. सवयच नव्हती ना.

मग एक दिवस ह्यांनी काठी उचलून पाण्याकडे केली. "त्ये बग. काळं. कपाळाला भस्म लावल्यालं."

मी बघितलं. काळ्या बदकासारखा पक्षी, कपाळावर पांढरा शुभ्र टिळा. असे कितीतरी होते.

"गुरव हाय त्यो," हे म्हणाले. "देवळातला."

मला हसू फुटलं. आमच्या देवळातला गुरव खरंच तसाच मान पुढेमागे करत चालायचा. त्या दिवसापासून आम्हाला बोलायला विषय मिळाला. खरी नावं आम्हाला कुठे ठाऊक होती? परीट तेवढा सगळ्यांना ठाऊक, दसरा झाला की शेपूट हलवत येणारा. बाकीच्यांची बारशी आम्हीच केली. लांबच लांब तांबडे पाय उचलून चिखलातून जपून चालणारा तो तलाठी, कारण आमचा तलाठी पावसाळ्यात गावात यायचा तो धोतर असंच वर धरून. बुडी मारून भलतीकडेच निघणारी, ती शाळा चुकवणारी पोरं. मधोमध पाण्यावर पंखात चोच खुपसून झोपलेली बदकं दिवसभर हलायची नाहीत. ती रात्रपाळीवाली. आणि एक छोटासा, मातकट रंगाचा, काठाकाठानं पळणारा आणि सारखा मागचा भाग वरखाली करणारा. त्याचं नाव हे ओव्हरटाइमवाला म्हणायचे. ह्यांना तोच सगळ्यात आवडायचा. इतर कुणी नसलं तरी तो असायचाच. पुढे म्हातारपणी मला त्याचं खरं नाव कळलं, तुतवार. चांगलं आहे, पण आमचं बरं होतं.

"मी रोज सायकल हातात धरून ह्याच बंधाऱ्यावरनं जायाचो," हे एकदा म्हणाले. "हे समदं हितंच व्हतं. आन मला भोंग्याबिगर काय ऐकू येत नव्हतं."

तो भोंगा अजूनही व्हायचा. पहिल्या पाळीची पोरं पलीकडे निघायची, लांबूनच विचारायची, "काय राव, बरं हाय ना?" हे हात वर करायचे. पोरं दिसेनाशी होईपर्यंत मग हे पक्ष्यांकडे बघायचे नाहीत.

परत यायचो तेव्हा सासूबाई दारात उभ्या. रोज. चुलीवर पाणी कढत ठेवलेलं, दूध तापवलेलं. आम्ही कोपऱ्यावर दिसलो की आत जायच्या. मला वाटायचं, पहाऱ्यावर उभ्या आहेत, सून किती वेळ उंडारते ते बघायला. एकदा हसत हसत कोपऱ्यावर आलो तर त्या म्हणाल्या, "लई हसू येतंय आजारी मानसाला." त्या आत गेल्यावर मी ह्यांच्याकडे बघून तोंड वाकडं केलं, आणि हे पुन्हा हसले.

पौषात ह्यांच्या गालांवर जरा मांस दिसायला लागलं. उबळ कमी झाली. डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहिलं तर पाडव्याला कामावर. मी देवापुढे साखर ठेवली. आणि त्याच रात्री पडल्या पडल्या मनात आलं, हे कामावर गेले की बंधारा संपला. पुन्हा मी चुलीपुढे आणि हे सायकलवर. मला हे बरे व्हायला हवे होते. आणि ती सकाळही हवी होती. दोन्ही एकदम कसं मिळणार, ते मला कळत नव्हतं.

देवानं तो पेच सोडवला, पण दोन्ही काढून घेऊन. म्हणतात, दुखणं येतं हत्तीच्या पायानं आणि जातं मुंगीच्या. आमच्याकडे ते गेलंच नव्हतं, नुसतं दबा धरून बसलं होतं. माघात अवेळी ढग आले, दोन दिवस भुरभुर पाऊस झाला आणि वारं झोंबायला लागलं. ह्यांच्या डबीत रक्त दिसलं. पुन्हा पुण्याच्या खेपा झाल्या, इंजेक्शनं वाढली. आधी आम्ही बंधाऱ्याऐवजी अलीकडच्या बाभळीपर्यंत जायला लागलो. मग नुसतं अंगणातल्या दगडापर्यंत. मग ओसरीवरून उठणंही होईना.

"तू जाऊन ये," हे म्हणायचे. "कोन कोन आलंय बगून ये."

मी धावत जायची, धावत यायची, आणि ओसरीच्या खांबाला टेकून सांगायची. गुरव आहेत, पण थोडे. तलाठी आज एकटाच. रात्रपाळीवाले निम्मे गेले. हे डोळे मिटून ऐकायचे. आत सासूबाईंचं जातं चालू असायचं. मी बोलायला लागले की ते थांबायचं, आणि माझं बोलणं संपलं की पुन्हा सुरू व्हायचं. माझ्या ते लक्षात यायचं, आणि रागही यायचा. एवढंसुद्धा आम्हाला आमचं ठेवू देत नाहीत, असं वाटायचं.

होळीच्या आधी हे गेले. थंडी तेवढी निघाली होती. डॉक्टरांनी सांगितलेली थंडी ह्यांनी पुरी काढली, आणि तरी गेले. त्याबद्दल मला आजही कुणाचं काही ऐकून घ्यायचं नाही.

त्यानंतरचे महिने मला नीटसे आठवत नाहीत. शेतातली कामं कुणाला चुकतात? भांगलण केली, कापणी केली, म्हशींचं केलं. सासूबाईंशी कामापुरतं बोलणं. त्या माझ्याशी वाईट वागल्या नाहीत आणि मीही उलटून बोलले नाही. एकाच घरात दोघींनी वेगवेगळं रडायचं, एवढंच. बंधाऱ्याकडे मी फिरकले नाही. पलीकडच्या शेतात जायचं असलं तरी आमराईवरून वळसा घालायची.

दिवाळी होऊन थंडी पडली. एका सकाळी मी चूल पेटवायला बसले होते. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, अंगावर ह्यांची घोंगडी.

"ऱ्हाऊ दे ते," त्या म्हणाल्या. "ऊठ. तुमी जायाचा ती जागा मला दाव."

मी काडेपेटी कोनाड्यात ठेवली. आम्ही निघालो. त्या पुढे चालू लागल्या आणि बंधारा आल्यावर थांबल्या, कारण पुढे कुठे बसायचं ते त्यांना माहीत नव्हतं. मी धोंडे दाखवले. ह्यांचा कुठला, ते मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्या खाली मातीतच बसल्या.

पाण्यावर वाफ होती. काळे पक्षी आले होते. झोपाळू बदकं अजून यायची होती. सासूबाईंनी डोळ्यांवर हाताची सावली धरून पाण्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "त्याला कंचं आवडायचं?"

मी काठाकडे बोट केलं. नशिबानं तो तिथेच होता. मातकट, मुठीएवढा, पळत होता, थांबत होता, शेपूट वरखाली करत होता. त्यांची नजर अधू झाली होती, तेव्हा त्यांना दिसेपर्यंत मला दोनदा दाखवावं लागलं. दिसल्यावर त्या जरा पुढे वाकल्या.

"ह्येवढंच?"

"हो."

"ह्ये बगत बसायचा?"

"हो, आत्याबाई. हेच."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा बघायला लागल्या. तो पक्षी उडून पलीकडच्या काठाला गेला, तरी त्या तो होता त्याच जागेकडे बघत होत्या.

"मंग मला बी एक दिस आनायचं हुतं की," त्या म्हणाल्या. "मी काय न्हाई म्हनले असते?"

मी त्यांच्याजवळ मातीत बसले. ह्यांच्या आणि माझ्या, दोघांच्याही मनात ते कधी आलंच नव्हतं.