मोरीची जाळी

सकाळी भांडी घासताना मोरीच्या जाळीत भाताची शितं अडकली आणि पाणी तुंबलं. बोटानं शितं काढली, तसं पाणी खळखळत गेलं. मी उगीच बघत बसले. एवढ्याशा जाळीवर किती अवलंबून असतं!

ह्यांच्या डोळ्यांतही अशीच जाळी आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तिच्यात प्रथिनं साचली, की आतलं पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि नजर हळूहळू जाते. त्यालाच काचबिंदू म्हणतात. प्रथिनं म्हणजे डाळ, एवढं मला चौथीपासून पाठ. मी घरातलं वरणच बंद केलं.

काल तपासणीला गेलो, तर हे म्हणाले, "बाई, डोळे राहू देत, आधी हिच्याकडून माझं वरण सोडवा!"

बाई हसल्या. "अहो काकू, ती प्रथिनं डोळ्यातच तयार होतात. ताटातली तिथं जात नाहीत. थेंब तेवढे चुकवू नका. दाब आता आटोक्यात आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण 'आटोक्यात' हा शब्द मी घरापर्यंत जपून आणला.

दुपारी वरण केलं. ह्यांनी वाटी तोंडाला लावली. "हिंग कमी पडलाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि टिकली वाकडी लागलीय."

टिकली मी तशीच राहू दिली.